दिवस जाण्याआधीचे सहा महिने

दर महिन्याच्या ९ तारखेला सातारा-सांगलीतल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची रांग लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा ठरलेला दिवस. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी तपासली जाते, डॉक्टर स्वतः पोट तपासतात आणि जिच्या बाळंतपणात धोका दिसतो तिच्या कार्डावर लाल खूण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. आशाताई, नर्सबाई, १०८ची गाडी या सगळ्यांनी मिळून मिळवलेलं हे यश आहे आणि ते मोठं आहे. पण काही बायकांच्या बाबतीत ही यंत्रणा उशिरा जागी होते. ल्युपस, आमवात, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, टाकायासू असे स्वयंप्रतिकार आजार ज्यांना आहेत, त्यांचं बाळंतपण कसं जाईल हे बरंचसं पाळी चुकण्याआधीच ठरलेलं असतं. लाल खूण करायची वेळ तेव्हाच येऊन गेलेली असते.

या आजारांत शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर, रक्तवाहिन्यांवर उलटते. ते बायकांना अधिक होतात. ल्युपसमध्ये दहा रुग्णांतल्या नऊ बायका असतात, आमवातात पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. आणि होतात ते नेमके लग्नाच्या, मुलांच्या वयात. आपल्या भागात असे रुग्ण किती, याची मोजदाद फारशी झालेली नाही, पण शेजारच्या पुणे जिल्ह्यात एक चांगलं काम झालं आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजनीच्या फुगवट्याकाठच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमाचा तो भाग होता. तिथे आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली मिळून ५८ लाख लोक होते. भिगवणचा दर त्यांतल्या प्रौढांना जसाच्या तसा लावला, तर या दोन जिल्ह्यांत आमवाताचेच वीस हजारांच्या आसपास रुग्ण असावेत असा अंदाज निघतो. ल्युपस त्या मानाने विरळा, पण तो विशी-तिशीतल्या मुलींना गाठतो आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. तेव्हा हा प्रश्न मोठ्या शहरांतल्या मोजक्या बायकांचा आहे, असं समजून चालणार नाही.

एकेकाळी ल्युपस असलेल्या मुलीला डॉक्टर सरळ सांगत, मूल होऊ देऊ नकोस. त्या सांगण्याला त्या काळी आधार होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ल्युपसमधल्या शंभरातल्या ४३ गर्भधारणा वाया जात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा आकडा १७ वर आला. अमेरिका आणि कॅनडातल्या प्रॉमिस अभ्यासात आजार शांत किंवा सौम्य असताना दिवस गेलेल्या ३८५ बायकांचा मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पाचातल्या चौघींचं बाळंतपण मोठी गुंतागुंत न होता पार पडलं. ‘आजार शांत असताना’ ही अट मात्र विसरायची नाही. मूत्रपिंडाला सूज असताना, लघवीतून प्रथिनं जात असताना दिवस राहिले तर चित्र पार बदलतं. रक्तदाब चढतो, बाळाची वाढ खुंटते, सातव्या महिन्यात सिझर करायची वेळ येते. म्हणून जगभरचे तज्ज्ञ आज एकच गोष्ट सांगतात: आजार किमान सहा महिने शांत असू द्या, आणि गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्यांवरच तो शांत असू द्या.

आमवाताची गोष्ट थोडी वेगळी. गरोदरपणात निम्म्याच्या आसपास बायकांचे सांधे हलके होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांच्या हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. गरोदरपणात शरीरात असं काय वाढतं की सांधे सुधारतात, या शोधाच्या वाटेवरच पुढे कॉर्टिझोन उपचारात आलं आणि १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. आज ज्या स्टेरॉइडच्या नावाने बायका दचकतात, त्याचा इतिहास असा गरोदर बायकांच्या सांध्यांपासून सुरू होतो. पण सुधारणा निम्म्याच बायकांत होते. उरलेल्यांना गोळ्या लागतात, आणि बाळंतपणानंतर पहिल्या तीन-चार महिन्यांत आजार अनेकींत उसळतो.

गोळ्यांचा भाग जरा सविस्तर पाहायला हवा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. काही बायका नको त्या गोळ्या चालू ठेवतात. त्याहून जास्त बायका दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करतात. माझ्या मते दुसऱ्या चुकीची दखल कमी घेतली जाते, आणि नुकसान तिनेही तेवढंच होतं.

आमवातात सर्रास दिली जाणारी गोळी म्हणजे मेथोट्रेक्झेट. ती स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पट्टीत दहा गोळ्या असतात, त्यामुळे कुणीतरी ती रोज घेतो आणि रक्तातल्या पेशी घसरून दवाखान्यात दाखल होतो. म्हणून शहाणे डॉक्टर चिठ्ठीवर वार लिहितात, ‘फक्त रविवारी’, आणि दुसऱ्या दिवसांसाठी फॉलिक अॅसिड लिहून देतात. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड बोलली जाते, तिथल्या बाईला तो वार कन्नडमध्ये समजावला पाहिजे, नाहीतर मराठी चिठ्ठीचा उपयोग नाही. पण वाराबरोबर आणखी एक वाक्य त्या चिठ्ठीवर हवं: ही गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, मूल हवं असेल तर एक ते तीन महिने आधी येऊन सांगा. ही गोळी पेशींची वाढ रोखते आणि पहिल्या महिन्यांतला गर्भ म्हणजे वाढत्या पेशीच. दिवस गेल्यावर ती घेतली गेली तर गर्भ पडण्याचा धोका जवळपास दुपटीने वाढतो आणि बाळात व्यंग असण्याची शक्यता शंभरात तीनवरून सहा-सातापर्यंत जाते. आकडा गंभीर आहे, पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी: शंभरातल्या नव्वदांवर बाळांत व्यंग नसतं. तेव्हा चुकून गोळी घेतली म्हणून त्याच दिवशी गर्भ पाडायची घाई करायची नाही. गोळी थांबवून, फॉलिक अॅसिड वाढवून, नीट सोनोग्राफी करून मग त्या बाईने शांतपणे ठरवायचं असतं.

मायकोफेनोलेट हे ल्युपसच्या मूत्रपिंडविकारातलं मोठं औषध. त्याने गर्भाचे कान, ओठ, टाळू यांत व्यंग येऊ शकतं, म्हणून ते किमान दीड महिना आधी थांबवायचं. तेही नुसतं थांबवून चालत नाही. त्याच्या जागी अॅझाथायोप्रिन सुरू करून काही महिने पाहायचं, मूत्रपिंड त्यावर शांत राहतं का, आणि मगच पुढचा विचार. लेफ्लुनोमाइड तर शरीरात महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांपर्यंत रेंगाळतं. ते धुऊन काढायला कोलेस्टिरामिनची पावडर अकरा दिवस घ्यावी लागते. गेल्या काही वर्षांत स्वस्त झालेल्या टोफासिटिनिबबद्दल गरोदरपणातली माहिती अपुरी आहे, म्हणून तेही आधी बंद. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि वॉरफरिन यांचंही तसंच.

याउलट हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही गोळी ल्युपसच्या बाईने गरोदरपणभर घ्यायचीच असते. ती मूळची मलेरियाची. मेडिकलवाला तसं सांगतो, सासूबाई विचारतात तुला मलेरिया कुठे झालाय, आणि गोळी बंद होते. ती बंद केली की आजार उसळण्याची शक्यता वाढते. वजनाच्या किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत तिचा बाळाला त्रास नसल्याचा अनुभव अनेक दशकांचा आहे. अॅझाथायोप्रिन, सल्फासॅलॅझिन, टॅक्रोलिमस हीदेखील चालणारी औषधं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वारेत बरंचसं निष्प्रभ होतं, बाळापर्यंत त्याचा दहावा भाग जेमतेम पोहोचतो. मात्र मात्रा जितकी कमी तितकं बरं, कारण त्याने आईची साखर आणि रक्तदाब वाढतो.

आणि एक औषध चिठ्ठीवर कधीच नसतं. बाजाराच्या दिवशी, जत्रेत किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली ‘वाताची पुडी’. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. सांधे दोन दिवसांत मोकळे होतात, म्हणून तीवर विश्वास बसतो. वर्षभर घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. अशी बाई दिवस गेले म्हणून पुडी एकाएकी सोडते, तेव्हा तिचा जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांनी ‘कुठली पुडी घेता का’ हे रागावून विचारलं तर उत्तर नाही असंच येणार. मायेने विचारलं तर पुडी पिशवीतून बाहेर निघते.

गर्भ वारंवार पडणाऱ्या बायकांचा विषय याहून दुखरा आहे. दोन-तीन वेळा पोट पडलेल्या बाईची फाइल उघडली की तीत टॉर्च नावाची तपासणी हमखास सापडते, कधी दोनदा केलेली. वारंवार गर्भ पडण्याचं कारण शोधायला या तपासणीचा उपयोग फार कमी आहे. जी व्हायला हवी ती अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी मात्र पुष्कळदा झालेलीच नसते. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं वर्णन केलं. या बायकांच्या रक्तात गुठळ्या करण्याकडे कल असलेल्या प्रतिद्रव्यांमुळे वार नीट रुजत नाही, तिला रक्त पुरत नाही. दहा आठवड्यांनंतर एकदा तरी निरोगी गर्भ दगावला असेल, किंवा त्याआधी तीन वेळा गर्भ पडला असेल, तर ही तपासणी करायलाच हवी. ती बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायची असते, कारण साध्या तापानेही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते.

यातली एक तपासणी, ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, तालुक्याच्या गावी कशी बिघडते ते पाहण्यासारखं आहे. रक्त काढल्यावर थोड्याच तासांत ते दोनदा फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स काढाव्या लागतात आणि लगेच तपासायचं नसेल तर पेशीविरहित भाग गोठवून पाठवावा लागतो. विट्याला किंवा दहिवडीला सकाळी काढलेली बाटली साध्या थंड डब्यातून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या लॅबला गेली, तर येणाऱ्या अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. गुठळ्या रोखणारं हेपॅरिन सुरू केल्यानंतर रक्त काढलं तरी घोटाळा. सोबतच्या दोन तपासण्या, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन, प्रवासात टिकतात. म्हणून पहिल्या तपासणीसाठी बाईने मिरजेला किंवा कऱ्हाडला स्वतः जाऊन, जिथे रक्तावर लगेच प्रक्रिया होते तिथेच ते द्यावं, एवढं सांगणारा कुणीतरी हवा.

निदान पक्कं झालं तर उपचार साधा आहे. कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि रोज एक हेपॅरिनचं इंजेक्शन. यावर दहातल्या सात-आठ बायकांना जिवंत मूल होतं. इंजेक्शन पोटाच्या कातडीची चिमूट धरून टोचायचं असतं, हे नवरा किंवा बाई स्वतः एका दिवसात शिकते. शिकण्याची अडचण नसते, पैशाची असते. एका इंजेक्शनाला काही शे रुपये, आणि ते सात-आठ महिने रोज. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती उभी आहे, घरी रोज टोचायच्या औषधाभोवती नाही. त्यामुळे कित्येक घरांत इंजेक्शन एक दिवसाआड होतं आणि मग कधीतरी बंदच.

उलट बाजूचा अतिरेकही होतो. एएनए ही तपासणी कित्येक निरोगी बायकांतही हलकीशी पॉझिटिव्ह येते. तेवढ्या एका ओळीवरून ‘तुमचं शरीर गर्भाला नाकारतंय’ असं सांगून स्टेरॉइड, महागडी इम्युनोग्लोब्युलिन, इंट्रालिपिडची सलाइन लावली जाते. मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब केंद्रांच्या पाट्या पाहत फिरणाऱ्या जोडप्याला त्यासाठी दागिने मोडावे लागतात. सांध्यांचा, कातडीचा, मूत्रपिंडाचा कसलाच आजार नसताना केवळ एएनएवरून असे उपचार करण्याला पुरेसा पुरावा नाही. हे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं.

मूल राहण्याच्या क्षमतेबद्दलही गैरसमज बरेच आहेत. ल्युपसमुळे बाई वांझ होत नाही, तिची क्षमता बहुतेक वेळा इतरांसारखीच असते. आमवातात मात्र दिवस राहायला वेळ लागतो. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात दहातल्या चार बायकांना वर्षापेक्षा जास्त थांबावं लागलं. उसळलेला आजार, साडेसात मिलिग्रॅमपेक्षा जास्त स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या यांचा त्याच्याशी संबंध दिसला. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंडं बाहेर पडण्याच्या दिवसांत घेतल्या तर ते अडकून राहू शकतं. मेडिकलमधून सहज मिळणारी, ऊस खुरपून आल्यावर रोज संध्याकाळी घेतलेली ती एक गोळी दोन वर्षांच्या नवसांच्या आड येत असू शकते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतरही या गोळ्या टाळायच्या, त्यांनी गर्भजल कमी होतं.

अंडाशयाचं खरं नुकसान करतं ते सायक्लोफॉस्फामाइड. ल्युपसने मूत्रपिंड धोक्यात आलं की ते द्यावं लागतं, आणि ते स्वस्त असल्याने सरकारी दवाखान्यात तेच हाताशी असतं. वय तिशीपुढे आणि एकूण मात्रा जास्त असेल तर पाळी कायमची जाऊ शकते. पण दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, अशा सहाच मात्रांची युरोपातली पद्धत अंडाशयावर फारसा परिणाम करत नाही. जास्त मात्रा टळत नसेल तर सोबत ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देऊन अंडाशयाला काही अंशी वाचवता येतं. बावीस वर्षांच्या मुलीच्या हाताला सलाइन लागते त्या दिवशी तिचा जीव वाचवायची घाई असते, मुलाबाळांचं कुणाच्या मनात येत नाही. डॉक्टरांच्या मात्र आलं पाहिजे. टेस्ट ट्यूब उपचार या बायकांना चालतो, आजार शांत असेल तर. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्यं असतील तर त्या काळात वाढणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनचं कवच लागतं, आणि एका वेळी एकच गर्भ सोडावा.

काही बायकांच्या रक्तात रो नावाची प्रतिद्रव्यं असतात. ती वारेतून बाळात जातात आणि शंभरातल्या एका-दोघा बाळांच्या हृदयाची ठोक्यांची वाहिनी बंद पाडतात. आधीच्या बाळाला हे झालं असेल तर पुढच्याला ते होण्याची शक्यता शंभरात सोळा-अठरापर्यंत जाते. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने ही शक्यता निम्म्याहून कमी झाली. सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची इको करत राहतात, ती करणारे हात मोजक्याच ठिकाणी आहेत. पाटणच्या डोंगरातल्या बाईला दोन आठवड्यांनी एकदा खाली यायचं म्हणजे प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी गेली. निदान फेऱ्यांचं वेळापत्रक दिवस जाण्याआधी हातात असेल तर घर तयारी ठेवतं.

टाकायासूबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हातातली आहे. आशियातल्या तरुण बायकांत दिसणाऱ्या या आजारात हाताकडे जाणारी मोठी रोहिणी चिंचोळी होते. त्या हाताची नाडी लागत नाही, आणि त्याच हातावर पट्टा बांधला तर रक्तदाब १०० भरतो, प्रत्यक्षात छातीतल्या महाधमनीत तो १८० असू शकतो. कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि बाई आठव्या महिन्यात झटके येऊन दाखल होते. गरोदर बाईची दोन्ही हातांची नाडी पाहणं आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर रक्तदाब मोजणं याला मिनिटभर लागतं. दोन्ही हातांची नाडी क्षीण असेल तर मांडीवर मोजायचा.

थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार या सगळ्यांत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत सोपा. गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली आणायचं आणि पाळी चुकताच मात्रा पाव हिश्श्याने वाढवायची तयारी ठेवायची. टीएसएच ठीक असताना केवळ प्रतिद्रव्यं सापडली म्हणून गोळी दिल्याने गर्भ टिकत नाही, हे २०१९ मधल्या ब्रिटनमधल्या टॅब्लेट चाचणीत दिसलं.

आता घरातली गोष्ट. आपल्याकडे मुलीचा आजार लग्न जमवताना लपवला जातो. हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, आईबापांची भीती खरी असते. पण त्याचा परिणाम असा होतो की लग्नाच्या आठवड्यात गोळ्या बंद होतात, सासरी फाइल जात नाही, आणि वर्षभरात पाळणा हलला पाहिजे ही अपेक्षा मात्र पहिल्या दिवसापासून असते. सहा महिने थांबायला सांगितलेल्या सुनेने थांबण्याचं कारण काय द्यायचं? नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरांनी एकदा स्पष्ट बोलणं हा यावरचा मला दिसणारा सर्वांत चांगला उपाय आहे. नवरा एकदा समजून उमजून बाजूने उभा राहिला की अर्धी लढाई संपते. थांबण्याच्या काळात तांबी हे सुरक्षित साधन. अँटिफॉस्फोलिपिड असलेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही तिच्यासाठी नको.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतही इथे मध्ये येते. खानापूर, आटपाडी, माण, खटाव भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्याने कोइमतूर, चेन्नई, केरळपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. तिकडे सुरू झालेले उपचार, तिकडची भाषा, तिकडची फाइल, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून बाई येते आटपाडीला. लघवीत प्रथिनं आणि रक्तदाब वाढलेला दिसला, तर तो गरोदरपणातला रक्तदाब की ल्युपसची उसळी, हे आधीचे आकडे समोर नसताना ओळखणं अवघड. एकात बाळंतपण लवकर करायचं असतं, दुसऱ्यात स्टेरॉइड वाढवायचं असतं. म्हणून आधीचं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, सी-थ्री आणि सी-फोर हे आकडे ओटीच्या सामानाबरोबर आले पाहिजेत. बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री कमी मात्रेची अॅस्पिरिन हा गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका कमी करणारा स्वस्त उपाय, तोही आठवणीने.

काहींना मात्र नाहीच म्हणावं लागतं. फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब फार वाढलेला असेल, मूत्रपिंड निकामी होत आलं असेल, हृदय थकलं असेल किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेला असेल, तर गरोदरपणाने आईचा जीव जाऊ शकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतल्या बायकांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, आणि जीव वाचवण्यासाठी करावा लागला तर मुदतीची आडकाठी नाही. २०२१ च्याच सरोगसी कायद्याखालच्या नियमांत, गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असलेल्या बाईला त्या वाटेने जाण्याची मुभा आहे. दत्तक घेण्याची वाट तर आहेच, आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचं काही कारण नाही.

बाळंतपण झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, मालिश चालू असते आणि बाईचे सांधे सुजू लागलेले असतात. बाळाला पाजायचं म्हणून गोळ्या बंद. खरं तर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, प्रेडनिसोलोन, अॅझाथायोप्रिन, सल्फासॅलॅझिन घेत पाजता येतं. मेथोट्रेक्झेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड, सायक्लोफॉस्फामाइड घेताना पाजायचं नाही. आणखी एक बारीक पण जिवाची गोष्ट: आईला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं दिली असतील तर ती बाळाच्या अंगात काही महिने राहतात. आपल्याकडे बाळ जन्मताच बीसीजी टोचतात, त्यात जिवंत जंतू असतात. अशा एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये आली आहे. या बाळांची बीसीजी सहा महिने पुढे ढकलावी लागते, आणि हे प्रसूतिकक्षातल्या नर्सबाईंना आधीच माहीत असावं लागतं.

हे सगळं करायला आपल्याकडे माणसं आणि जागा अजिबात नाहीत, असं नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला तेव्हापासून कर्नाटकातले, कोकणातले, माणदेशातले रुग्ण रेल्वेने मिरजेला येत आले आहेत. १९६२ पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कऱ्हाडला कृष्णाचं महाविद्यालय १९८४ पासून. स्त्रीरोग, मेडिसिन, बालरोग हे विभाग एकाच आवारात आहेत. महिन्यातली एक दुपार हे तिघे एका खोलीत बसले, मूल हवं असलेल्या अशा बायकांना त्या दिवशी बोलावलं, आणि पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञाला पडद्यावर सोबत घेतलं, तर नवी इमारत लागत नाही.

गावपातळीवर तर सुरुवात त्याहून सोपी. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सिन्नर तालुक्यांत आशांच्या मदतीने दिवस जाण्याआधीच्या काळजीचा प्रयोग झाला आहे. तिथे भर रक्तक्षय, वजन, तंबाखू यांवर होता. प्रत्येक आशाताईकडे गावातल्या जोडप्यांची नोंदवही असते, नवी सून आली की तिचं नाव त्यात चढतं. त्या भेटीत एक प्रश्न वाढवायचा: रोजची किंवा आठवड्याची कुठली गोळी, इंजेक्शन, पुडी चालू आहे का? उत्तर हो आलं तर नाव तालुक्याच्या डॉक्टरांकडे जावं, ९ तारखेच्या रांगेत बाई उभी राहण्याच्या सहा महिने आधी. आणि ज्यांना हेपॅरिन लागतं त्यांना ते जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर महिन्याचं महिन्याला फुकट मिळावं. या दोन जिल्ह्यांत अशा बायका एका वेळी फार नसतील, तेवढा खर्च सरकारला पेलण्यासारखा आहे.